चिठ्ठ्यांचा डबा: बारावी गणिताच्या सरावाच्या नोंदी

१५ नोव्हेंबर

काम ठरलं. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघी बारावी सायन्सला. बोर्डाचा लेखी पेपर फेब्रुवारीत, त्यानंतर सीईटी. आज तिघींच्या वह्या नीट चाळल्या. इंटिग्रेशनच्या धड्यातली झाडून सगळी उदाहरणं सोडवलेली, उत्तरं बरोबर, अक्षर सुरेख. आणि सहामाहीच्या पेपरात त्याच धड्यातलं तीन मार्कांचं उदाहरण दोघींनी कोरं सोडलेलं, तिसरीनं भलत्याच रीतीनं सुरू करून अर्ध्यावर टाकलेलं.

याचं कारण वहीतच सापडतं. पुस्तकात आधी रीत येते, मग त्याच रीतीची दहा-पंधरा उदाहरणं ओळीनं. तिसऱ्या-चौथ्या उदाहरणापासून डोकं थांबतं आणि नुसता हात चालतो. कुठली रीत लावायची हा प्रश्न पडतच नाही, कारण तो वर मथळ्यातच सोडवून दिलेला असतो. पेपरात मात्र सगळ्यात आधी तोच प्रश्न समोर उभा राहतो. मथळ्याखालचं उदाहरण म्हणजे किल्ली अडकवूनच ठेवलेलं कुलूप.

तेव्हा उदाहरणं धड्यापासून तोडायची. एका चिठ्ठीवर एक उदाहरण, सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात, संध्याकाळी हात घालून येईल ती काढायची. डबा फराळाचा, स्टीलचा. ताईनं चकल्या संपल्यावर लगेच दिला, परत मागणार नाही या बोलीवर.

१८ नोव्हेंबर

चिठ्ठ्या लिहायला बसलो. बालभारतीच्या दोन्ही भागांत मिळून १५ धडे: पहिल्यात लॉजिक, मॅट्रिक्स, ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स, रेषांची जोडी, व्हेक्टर, लाइन अँड प्लेन आणि एलपीपी (लिनियर प्रोग्रॅमिंग), दुसऱ्यात डेरिव्हेटिव्ह आणि त्याचे उपयोग, इंटिग्रेशनचे तीन धडे, डिफरन्शियल इक्वेशन, आणि प्रोबॅबिलिटीचे दोन. मुख्य भर प्रत्येक धड्याच्या शेवटच्या मिसलेनियस एक्झरसाइजवर, कारण तिथे रीत सांगितलेली नसते. जोडीला बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका.

नियम असे. पुढच्या बाजूला फक्त उदाहरण, ‘सबस्टिट्यूशन वापरून’ असले इशारे खोडून. मागच्या बाजूला फक्त उत्तर. रीत कुठेच लिहायची नाही. कागद एकाच रंगाचा. भाचीला धड्यानुसार रंग हवे होते, ‘दिसायला छान दिसेल ना मामा’. छान दिसलं असतं, आणि डब्याचा सगळा उपयोग गेला असता.

चिठ्ठ्यांवर इंग्रजी अक्षरंच आहेत, पेपर इंग्रजीत असल्यामुळे. इथे नोंदीत मी माझ्या सवयीनं क्ष आणि य लिहितो आहे.

२३ नोव्हेंबर

पहिली फेरी. एकच अट: चिठ्ठी काढल्यावर पहिलं मिनिटभर पेन खाली. काय दिसतंय, कुठली रीत लावावीशी वाटते आणि का, हे आधी तोंडी सांगायचं. मग सोडवायला घ्यायचं.

तिघींनाही हे अवघड गेलं. संध्याकाळभर एकच प्रश्न: ‘मामा, हे कुठल्या धड्यातलं?’ (मैत्रिणीही आता मामाच म्हणतात.) उत्तर द्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. एरवी तासाभरात ज्या पंधरा-वीस उदाहरणांचा फडशा पाडतात, तिथे आज जेमतेम पाच-सहा झाली, त्यातलीही निम्मी चुकली. निघताना तिघींचे चेहरे पडलेले. एकीनं विचारलंच, आधीची पद्धत बरी नव्हती का?

२७ नोव्हेंबर

आज डब्यातून न काढता चार चिठ्ठ्या मुद्दाम शेजारी मांडल्या. चौघींचं इंटिग्रेशन करायचं:

१/(क्ष² + ४क्ष + ४)
१/(क्ष² + ४क्ष + ३)
१/(क्ष² + ४क्ष + १३)
क्ष/(क्ष² + ४क्ष + १३)

पहिल्या तिन्हींत फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. पण पहिल्यात छेद (क्ष + २)² होतो, आणि उत्तर सरळ −१/(क्ष + २). दुसऱ्यात (क्ष + २)² − १, म्हणजे (क्ष + १)(क्ष + ३), आणि उत्तरात लॉग येतो: १/२ लॉग (क्ष + १)/(क्ष + ३), आतल्याची निरपेक्ष किंमत घेऊन. तिसऱ्यात (क्ष + २)² + ९, इथे अवयव पडत नाहीत, उत्तर १/३ टॅन इन्व्हर्स (क्ष + २)/३.

मग विचारलं, पूर्ण वर्ग न करता, नुसतं बघून सांगता येईल का की टॅन इन्व्हर्स येणार की लॉग? बराच वेळ शांतता. शेवटी कमी बोलणारी मैत्रीण म्हणाली, ‘दहावीचा तो विवेचक?’ तोच, ब² − ४अक. पहिल्याचा १६ − १६ = ०, दुसऱ्याचा १६ − १२ = ४, तिसऱ्याचा १६ − ५२ = −३६. शून्य असेल तर वर्ग, धन असेल तर लॉग, ऋण असेल तर टॅन इन्व्हर्स. दहावीत वर्गसमीकरणाची मुळं वास्तव आहेत की नाहीत एवढंच विचारून ज्याला सोडून दिलं होतं, तो इथे निकाल देतो. हे पुस्तकात शोधलं तर या शब्दांत लिहिलेलं मिळत नाही, पण पुढच्या तीन महिन्यांत याचा जेवढा उपयोग होईल तेवढा पाठ केलेल्या सूत्रांचाही होणार नाही.

चौथीनं सगळ्यांना अडवलं. वरती क्ष आला की हात आपोआप सबस्टिट्यूशनकडे जातो. छेदाचा डेरिव्हेटिव्ह २क्ष + ४, आणि वर आहे नुसता क्ष. म्हणून क्ष ऐवजी १/२(२क्ष + ४) − २ लिहायचं. पहिल्या तुकड्याचा लॉग होतो, दुसरा तुकडा म्हणजे −२ गुणिले तिसरी चिठ्ठी. उत्तर: १/२ लॉग (क्ष² + ४क्ष + १३) − २/३ टॅन इन्व्हर्स (क्ष + २)/३. भाचीनं नंतर डेरिव्हेटिव्ह काढून स्वतःच पडताळा घेतला. कुणी सांगितलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

अशी सारख्या चेहऱ्याची उदाहरणं मुद्दाम शोधायची आणि डब्यात घालायची. आजचा वेळ त्यातच गेला.

४ डिसेंबर

दोन जोड्या.

डेरिव्हेटिव्ह काढा: टॅन इन्व्हर्स ५क्ष/(१ − ६क्ष²). चेन रूल लावून सुटतं, पण पानभर. छेदातला ६ म्हणजे ३ × २ आणि अंशातला ५ म्हणजे ३ + २, हे दिसलं की ते टॅन इन्व्हर्स ३क्ष अधिक टॅन इन्व्हर्स २क्ष होतं आणि उत्तर दोन ओळींत: ३/(१ + ९क्ष²) + २/(१ + ४क्ष²). जोडीला चिठ्ठी टाकली टॅन इन्व्हर्स क्ष/(१ + ६क्ष²) ची. इथे छेदात अधिक, म्हणून वजाबाकी, ३ − २ = १. तिघींनी ती चुटकीसरशी ओळखली.

दुसरी जोडी डेफिनिट इंटिग्रेशनची. √क्ष/(√क्ष + √(७ − क्ष)), सीमा २ ते ५. सीमांची बेरीज ७, म्हणून क्ष च्या जागी ७ − क्ष घातलं की अंश बदलतो, छेद तोच राहतो. दोन्ही मिळवले की आत नुसता १ उरतो, त्याचं २ ते ५ इंटिग्रेशन ३, म्हणजे मूळचं उत्तर ३/२. हे सगळ्यांना येतं, चेहरा ओळखीचा असतो. म्हणून दुसरी चिठ्ठी तशीच, फक्त सीमा १ ते ५. दोघींनी न थांबता ‘२’ लिहून टाकलं. सीमांची बेरीज ६ झाली, गुणधर्म लागूच होत नाही, हे मिनिटभर पेन खाली ठेवलं असतं तर कळलं असतं. ती चिठ्ठी सोडवण्यासाठी नाहीच. ‘इथे ही युक्ती चालत नाही’ एवढं उत्तर तिला पुरे. असं उदाहरण परीक्षेत येणार नाही, पण युक्ती का चालते हे कळण्यासाठी ती न चालणारी जागा बघावी लागते.

११ डिसेंबर

मैत्रिणीच्या आईचा फोन. ‘दादा, आधी पोर्शन तरी पूर्ण होऊ द्या, मग हे मिक्स वगैरे करा. ती रडकुंडीला येते रोज.’ रास्त तक्रार आहे. कॉलेजात प्रोबॅबिलिटी अजून व्हायची आहे, त्यामुळे त्या धड्यांच्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या. जे शिकवून झालंय तेवढंच डब्यात. नवीन रीत पहिल्यांदा शिकताना ओळीनं दहा उदाहरणं करायलाच हवीत, त्याला पर्याय नाही. डबा त्याच्यानंतरचा.

मात्र ‘चुकतंय म्हणजे पद्धत वाईट’ हे मला मान्य नाही, आणि माझ्या बाजूनं पुरावा आहे. अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठात रोहरर आणि टेलर या दोघांनी याचाच प्रयोग केला होता, तो २००७ मध्ये छापून आला. कॉलेजच्या मुलांना चार निरनिराळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका आकृतीची उदाहरणं सलग केली, काहींनी चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा मिसळवाले ६३ टक्क्यांवर आणि सलगवाले थेट २० वर. सरावात जे बरं वाटतं ते आठवड्यानं हातात राहत नाही.

हे आकडे त्या ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘बघू प्रिलिमला.’ हेही रास्तच.

१९ डिसेंबर

डिफरन्शियल इक्वेशनच्या चिठ्ठ्या आल्या. या धड्यात रीत ओळखणं म्हणजेच निम्मं काम.

आजची गंमत: य चा क्ष-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह = (क्ष + य)/क्ष. भाची म्हणाली होमोजिनियस, मैत्रीण म्हणाली लिनियर. चांगलीच जुंपली. दोघींना म्हटलं, आपापल्या रीतीनं सोडवा, मग भांडा. भाचीनं य = व × क्ष घेतलं. दोन्ही बाजूंचा व कटला, उरलं ते सोडवून व = लॉग क्ष + स्थिरांक. मैत्रिणीनं य/क्ष डावीकडे नेला, इंटिग्रेटिंग फॅक्टर १/क्ष, आणि य/क्ष = लॉग क्ष + स्थिरांक. वह्या शेजारी ठेवल्यावर दोघी एकदम हसल्या. व म्हणजेच य/क्ष. एकाच उदाहरणावर दोन्ही शिक्के बसतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

नंतर मी मुद्दाम ही काढली: डेरिव्हेटिव्ह = य/(क्ष + २य³). व्हेरिएबल वेगळे होत नाहीत, होमोजिनियस नाही, य मध्ये लिनियर नाही. तिघींचे तिन्ही रस्ते बंद. इथे समीकरण उलटं करायचं: य ला स्वतंत्र चल मानून क्ष चा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा. तो होतो क्ष/य + २य², म्हणजे क्ष मध्ये लिनियर. फॅक्टर १/य, क्ष/य = य² + क, म्हणून क्ष = य³ + कय. कमी बोलणारी म्हणाली, ‘म्हणजे य नेहमी वरच असला पाहिजे असं काही नाही.’ हे तिच्याच शब्दांत माझ्या वहीत लिहून ठेवलं.

२८ डिसेंबर

कॉलेजचं जर्नल आणि प्रॅक्टिकलची गडबड. डबा बंद.

४ जानेवारी

शाब्दिक उदाहरणं. ६ मीटर उंच खांबावर दिवा, १.५ मीटर उंचीचा माणूस खांबापासून सेकंदाला १.२ मीटर वेगानं लांब चालला आहे. सावली किती वेगानं वाढते? आणि सावलीचं टोक किती वेगानं सरकतं?

आकृती न काढता कुणीही सुरू करायचं नाही, हा नवा नियम. समरूप त्रिकोणांवरून सावलीची लांबी अंतराच्या एक तृतीयांश येते, म्हणून सावली वाढते सेकंदाला ०.४ मीटरनं. टोक मात्र माणसाच्या पुढे पळतंय, त्याचा वेग १.२ + ०.४ = १.६. तिघींना पहिलं आलं, दुसऱ्याला दोघींनी पुन्हा ०.४ च सांगितलं. मग गच्चीवरच्या दिव्याखाली प्रत्यक्ष चालून पाहिलं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय हरवलंय का.

अशा उदाहरणात गणित कमी, वाचन जास्त. ‘सावली’ आणि ‘सावलीचं टोक’ यांतला फरक मराठीत वाचताना जो सहज कळतो, तो इंग्रजी वाक्यात दोघींच्या नजरेतून निसटला. अशा चिठ्ठ्यांवर प्रश्नाची ओळ अधोरेखित करायची सवय लावतो आहे, सोडवण्याआधी.

११ जानेवारी

आता पेपराचा आराखडा. लेखी ८० मार्क, वेळ तीन तास, उरलेले २० प्रॅक्टिकल आणि अंतर्गतचे. ए सेक्शनमध्ये दोन मार्कांचे आठ पर्यायी प्रश्न आणि एक मार्काचे चार, हे सगळे सोडवायचेच, २० मार्क. बी मध्ये दोन मार्कांचे १२ पैकी ८. सी मध्ये तीन मार्कांचे १२ पैकी ८. डी मध्ये चार मार्कांचे ८ पैकी ५.

म्हणजे कागदावर २० + २४ + ३६ + ३२, एकूण ११२ मार्कांचे प्रश्न छापलेले असतात, त्यातले ३२ मार्कांचे सोडायचे. मुलं हे ‘ऑप्शन आहे’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. पण काय सोडायचं हे ठरवायलाही उदाहरण ओळखावं लागतंच, तेही न सोडवता. इतके दिवस पहिलं मिनिट पेन खाली ठेवून जे चाललंय, ते याचसाठी.

म्हणून आजपासून डब्याचा खेळ बदलला. आठ चिठ्ठ्या एकदम काढायच्या, तीन मिनिटं बघायच्या, पाच ठेवायच्या, तीन परत टाकायच्या. आणि का टाकल्या ते सांगायचं. ‘येत नाही’ हे कारण चालेल. ‘येतं, पण लांब आहे’ हे जास्त चांगलं कारण. भाची व्हेक्टर दिसले की डोळे झाकून परत टाकते. हे नुकसानीचं आहे, कारण व्हेक्टर आणि लाइन-प्लेनमध्ये रीत ठरलेली, आकडेमोड सोपी. तिच्यापुरत्या व्हेक्टरच्या चिठ्ठ्या वाढवल्या, तिला न सांगता.

१८ जानेवारी

घड्याळ लावून पूर्ण पेपर. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी मोठ्यानं वाचायला लावल्या, कारण त्या कुणीच वाचत नाही. पर्यायी प्रश्नात अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं; नुसता ‘बी’ लिहिला किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाहीत, आणि पहिलं लिहिलेलंच धरतात. प्रत्येक सेक्शन नव्या पानावर. कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल चालतं. एलपीपीला ग्राफ पेपरची गरज नाही, कच्ची आकृती पुरते. हे शेवटचं ऐकून एक मैत्रीण चकितच झाली. ती एलपीपीच्या एका उदाहरणाला वीस मिनिटं पट्टी-पेन्सिलनं रेषा आखत बसायची.

वेळ तिघींनाही कमी पडला. ए सेक्शनचे दोन मार्कांचे प्रश्न वेळ खातात, दिसायला पर्यायी पण आत पूर्ण उदाहरण. एखाद्यात चार मिनिटांच्या वर गेलं तर जागा सोडून पुढे जायचं, असं ठरलं.

२५ जानेवारी

डबा विंचरला. कायम बरोबर येणाऱ्या चिठ्ठ्या बाहेर. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स, लॉजिकची ट्रुथ टेबलं, बायनॉमियलची सरळ उदाहरणं (मीन ५, व्हेरियन्स २.५ तर एन १० आणि पी १/२, हे आता तोंडी येतं) बाहेर गेली. उरल्या त्या चिवट. डबा हलका दिसतो पण संध्याकाळ जास्त जड जाते.

प्रिलिमचा निकाल लागला. तिघींचे मार्क वाढले, पण एकसारखे नाहीत. भाची बरीच पुढे गेली, कमी बोलणारी थोडी, आणि जिच्या आईचा फोन आला होता ती जेमतेम. तिची अडचण रीत ओळखण्याची नाहीच, हे मला आता स्पष्ट दिसतं. ती ओळखते बरोबर आणि मग चिन्हं, कंस आणि अपूर्णांकांत मार्क सांडते. डब्याचा तिला फार फायदा नाही. तिला रोज थोडी नुसती आकडेमोड, ओळीखाली ओळ, पायरी न गाळता. तिच्या आईला हे फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.’

५ फेब्रुवारी

नवी चिठ्ठी डब्यात घालायची नाही. जुन्या फक्त बघून रीत सांगायची, सोडवायचं नाही. तासाभरात चाळीसेक होतात. रात्री जागरण बंद, हे तिघींच्या घरी सांगून झालं.

२४ फेब्रुवारी

पेपर झाला. भाची आल्या आल्या जेवायला बसली. डी सेक्शन आधी घेतला म्हणाली, डोकं ताजं असताना चार मार्कांचे प्रश्न, आणि व्हेक्टरचा सोडला नाही. दुसरीचा पेपर पूर्ण झाला. तिसरीचे दोन प्रश्न राहिले, पण एकही पायरी गाळली नाही असं तिनं स्वतःहून सांगितलं. पेपर पुन्हा सोडवायला घेऊ नका, असं तिघींना बजावलं. केमिस्ट्री आहे अजून.

८ मार्च

सीईटीची तयारी सुरू. तिथला हिशेब वेगळा: गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, ९० मिनिटं, चुकीला वजा मार्क नाहीत. म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि रिकामा प्रश्न ठेवण्यात काही अर्थ नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे. त्या धड्यांना दीड वर्षात कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे पहिल्या चिठ्ठ्या वर्तुळ, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, कॉम्प्लेक्स नंबर आणि लिमिट्सच्या.

चार पर्याय चिठ्ठीवर लिहावे लागणार, म्हणून कागद मोठा. जुना डबा पुरत नाही. ताईकडे दुसरा मागितला. ती म्हणाली, आधी पहिला परत कर.

कमी बोलणारीनं अकरावीच्या वर्तुळाच्या चिठ्ठ्या स्वतः लिहून आणल्या. त्यातल्या दोन सारख्या चेहऱ्याच्या होत्या, एकीत रेषा वर्तुळाला स्पर्श करते आणि दुसरीत दोन ठिकाणी छेदते, आकड्यांचा फरक एवढासा. उद्या त्या दोन्ही भाचीसमोर ठेवायच्या आहेत.